सात आसनांचा हिशेब



बँकेच्या सेवेत असताना वाहनकर्जाचे असंख्य अर्ज माझ्या हाताखालून गेले. पगार, हप्ता, जामीनदार सारे तपासले जाई. मात्र ‘गाडीत रोज किती माणसे बसणार?’ हा प्रश्न आम्ही कधी विचारला नाही. निवृत्तीनंतर स्वतःलाही तो विचारला नाही. जुनी छोटी गाडी देऊन ग्रॅच्युइटीच्या रकमेतून सातआसनी गाडी घेतली. पुण्याहून मुलगा, सून, नातवंडे येतील, सारे मिळून कुंभोज-बाहुबलीला जाऊ, हा मनोरथ.

वर्षअखेरीस वही उघडली. यात्रा एकदा, पुण्याच्या फेऱ्या दोन. उरलेले सारे दिवस गाडी भाईंदर स्थानक, मंदिर, बाजार आणि क्वचित बोरिवली एवढ्यातच फिरली. आत आम्ही दोघेच, मागची पाच आसने रिकामी.

काशिमिऱ्याच्या गर्दीत गाडी पावलोपावली थांबते आणि पुन्हा निघते. दर वेळी तिचे सारे वजन नव्याने हलवावे लागते. ब्रेक लावताच ती ऊर्जा उष्णतेच्या रूपाने वाया जाते. म्हणून जड गाडीचा भार शहरातच खिशाला अधिक जाणवतो. कंपनीने सांगितलेले मायलेज ठरावीक चाचणीतले असते. आपले खरे मायलेज काढायचे तर टाकी पूर्ण भरावी, पुन्हा पूर्ण भरेपर्यंतचे किलोमीटर मोजावेत आणि दुसऱ्यांदा लागलेल्या लिटरांनी भागावे.

समजा, महिन्याला 400 किलोमीटर प्रवास आहे. मोठी गाडी लिटरला 10 किलोमीटर धावली तर 40 लिटर लागतील. छोटी 16 धावली तर 25. लिटरला 100 रुपये धरले, तरी वर्षाला 18,000 रुपयांचा फरक पडतो. टायर, विमा, देखभाल निराळीच. वर्षातून एकदा यात्रेसाठी मोठे वाहन भाड्याने घेण्याचा बराचसा खर्च एवढ्यात भागतो.

तरीही माझे डोळे उघडले ते पैशाने नव्हे. जुनी गाडी माझी पत्नी अकरा वर्षे सहज चालवीत असे. ही नवी गाडी इमारतीखालच्या दोन खांबांमधून बाहेर काढण्याचे तिला धाडस होईना. पावसाळ्यात एका रात्री माझ्या छातीत कळ आली. ती किल्ली घेऊन गाडीपाशी गेली आणि तशीच परतली. शेवटी शेजाऱ्यांनी नाक्यावरून रिक्षा आणली. सुदैवाने ते आम्लपित्तच निघाले. परतताना ती एवढेच म्हणाली, “किल्ली हातात होती हो, पण उपयोग काय?”

पुढे ती गाडी विकली आणि छोटी घेतली. 22 सप्टेंबर 2025 पासून 4 मीटरपर्यंत लांबीच्या आणि 1200 सीसीपर्यंत इंजिनाच्या पेट्रोल गाड्यांवर जीएसटी 18 टक्के आहे. मोठ्या गाड्यांवर 40 टक्के.

मोठी गाडी वाईटच, असे नव्हे. घरातील पाच-सहा माणसे रोज एकत्र निघत असतील, वा गुडघेदुखीमुळे वडीलधाऱ्यांना उंच आसनच सोयीचे असेल, तर ती अवश्य घ्यावी. तत्पूर्वी मात्र एक महिना वहीत टिपावे: आज किती माणसे, किती किलोमीटर आणि घरातील कोणाकोणाला ही गाडी चालवता येईल. तिसरा रकाना मी रिकामा सोडला होता. आपण सोडू नये.