व्रत आणि विपन्नता

चित्रपटाविषयीच्या आपल्या समीक्षाव्यवहारात एक वाक्य सुभाषितासारखे वावरत असते : मर्यादा ही सर्जनाची जननी होय. चर्चासत्रांतून ते इतक्या सहजतेने उच्चारले जाते की, त्याची चिकित्सा करण्याची निकड कोणाला भासत नाही. माझा आक्षेप असा की, ‘मर्यादा’ या एका संज्ञेखाली येथे दोन परस्परविरोधी गोष्टी दडविल्या जातात.

वर्धा जिल्ह्यात राहणाऱ्याला तरी हा भेद समजावून सांगावा लागू नये. १९३६ मध्ये गांधीजी सेगावात, म्हणजे पुढच्या सेवाग्रामात, राहावयास आले. त्यांच्या कुटीच्या मातीच्या भिंती हे व्रत होते. गावातल्या शेतमजुराच्या घराच्या तशाच भिंती ही विपन्नता होती. माती तीच, पण एकाला दुसरी भिंत निवडता येत होती, दुसऱ्याला नाही.

‘राजा हरिश्चंद्र’साठी (१९१३) फाळक्यांना स्त्री-कलावंत मिळेना, म्हणून अण्णा साळुंके तारामती झाले. यात मर्यादेचे वरदान पाहणाऱ्यांनी त्याच वर्षीचा ‘मोहिनी भस्मासुर’ आठवावा. दुर्गाबाई कामत आणि त्यांची कन्या कमलाबाई काम करण्यास तयार होताच फाळक्यांनी त्या दोघींना पडद्यावर आणले. ज्या मर्यादेतून सुटण्याची वाट दिसताच कलावंत ती धरतो, तिला जननी कसे म्हणावे? पुढे ‘लंकादहन’मध्ये (१९१७) साळुंके राम आणि सीता अशा दोन्ही भूमिकांत दिसले, हे खरे. पण त्याचे श्रेय त्यांच्या अभिनयाचे; स्त्रीला कॅमेऱ्यासमोर येऊ न देणाऱ्या समाजाच्या पदरात ते टाकणे हा उघड अन्याय आहे.

याउलट शांतारामबापूंचा ‘कुंकू’ (१९३७) पाहावा. प्रभातपाशी पुण्यात स्वतःचा स्टुडिओ होता, वादक होते, केशवराव भोळ्यांसारखे संगीतकार होते. तरीही पार्श्वसंगीत वर्ज्य करून दृश्यातल्या ध्वनींवरच भिस्त ठेवण्यात आली. त्यामुळे वृद्ध नवऱ्याच्या घरातले घड्याळ नुसती वस्तू राहत नाही. त्या विजोड विवाहाचा काळच त्यातून ऐकू येतो. १९९५ मध्ये डेन्मार्कच्या ‘डॉग्मा ९५’ गटाने, ध्वनी दृश्यापासून वेगळा निर्माण करावयाचा नाही, असा नियम घालून घेतला आणि आपल्या दहा नियमांना शुचितेचे व्रत म्हटले. ‘कुंकू’ त्याच्या अठ्ठावन्न वर्षे आधीचा. चैतन्य ताम्हाणे यांच्या ‘कोर्ट’मध्येही (२०१४) हीच व्रतस्थता आहे. न्यायालयाला सुटी लागते, दालन रिकामे होते, दिवे मालवतात. कॅमेरा मात्र जागचा हलत नाही. ही अचलता साधनांच्या तुटवड्यातून आलेली नाही. न्यायसंस्थेची निर्विकारता हाच तिचा आशय आहे.

लादलेल्या मर्यादेतूनही रूपबंध घडू शकतो, असा प्रतिवाद संभवतो. मला तो मान्य आहे. मात्र तो घडतो कलावंताच्या श्रमातून. अभाव केवळ त्या श्रमाची किंमत वाढवितो. शिवाय, ज्या कृती अभावापायी जन्मालाच आल्या नाहीत, त्यांची गणना हे सुभाषित करीत नाही. कमलाबाईंच्या आधी जिला पडद्यावर येता आले नाही, ती अभिनेत्री कोणत्या इतिहासात शोधावयाची?

म्हणून समीक्षकाने प्रत्येक वेळी तीन प्रश्न विचारले पाहिजेत : मर्यादा कोणी घातली, ती मोडणे शक्य होते काय, आणि कृतीच्या घाटात तिचे काय झाले? हे न विचारता आपण आमच्या भागातल्या, हाती केवळ मोबाइल असलेल्या विद्यार्थ्याला, ‘तुझे दारिद्र्य हीच तुझी शैली’ असे सांगत राहिलो, तर ते सौंदर्यशास्त्र ठरणार नाही. साधने ज्यांच्या ताब्यात आहेत, त्यांची ती वकिली ठरेल.