माळ्याने मागितलेले एक वर्ष



लूककृत शुभवर्तमानाच्या तेराव्या अध्यायातले अंजिराचे झाड आपल्या सर्वांच्या ओळखीचे आहे. मळ्याचा धनी तीन वर्षे फळ पाहायला येतो, फळ सापडत नाही, आणि तो झाड तोडायला सांगतो. माळी मध्ये पडतो आणि आणखी एका वर्षाची मुदत मागतो. या दाखल्यातून आपण पश्चात्ताप आणि देवाची सहनशीलता यांविषयी ऐकतो, आणि तो अर्थ योग्यच आहे. पण आज मला त्या माळ्याकडे निव्वळ माळी म्हणून पाहायचे आहे. त्याने मुदत मागितली तेव्हा बुंध्याभोवती खणणे आणि खत घालणे ही दोन्ही कामे स्वतःच्या अंगावर घेतली. त्याची मुदत वर्षाची होती, कारण झाडाचा हिशेब त्याहून कमी काळात होत नाही हे त्याला ठाऊक होते.

मध्य प्रदेशात 2021 साली सरकारने ‘अंकुर’ नावाचा कार्यक्रम सुरू केला. नागरिकाने रोप लावायचे, ‘वायुदूत’ अ‍ॅपवर त्याचा फोटो टाकायचा, 30 दिवसांनी दुसरा फोटो टाकायचा, आणि प्रमाणपत्र मिळवायचे. कल्पना चांगली आहे. घरबसल्या मोबाइलवर अर्जफाटे करण्याची सवय झालेल्या माणसाला झाडाकडे वळवणे सोपे नाही. मात्र मुदतीकडे पाहा. बहुतेक लोक जुलैत रोप लावतात. तीस दिवसांनी येतो ऑगस्ट. भोपाळमध्ये तेव्हा पावसाची झड लागलेली असते, कुंपणाला खोचलेली काठीसुद्धा हिरवी दिसते. रोपाची खरी परीक्षा पुढच्या मेमध्ये, नवतपाच्या नऊ दिवसांत होते, आणि तोवर प्रमाणपत्र केव्हाच हातात पडलेले असते.

हीच गोष्ट मोठ्या प्रमाणावरही होते. 2 जुलै 2017 रोजी नर्मदेच्या खोऱ्यात 12 तासांत 6 कोटींहून अधिक रोपे लावल्याचे राज्य सरकारने जाहीर केले. आकडा ऐकून छाती दडपते. पण बारा तासांत रोप लावता येते, झाड वाढवता येत नाही.

आमच्या नेहरू नगरातच 1982 साली स्थापन झालेली भारतीय वन व्यवस्थापन संस्था आहे. देशाचे वन अधिकारी आणि तरुण विद्यार्थी इथे जंगलाचा कारभार शिकतात. आकाशातून जंगल कसे मोजतात, हा त्या कारभाराचा मोठा भाग. देशाच्या वन अहवालात उपग्रहाच्या चित्रांवरून वनाच्छादन ठरते: 1 हेक्टर किंवा त्याहून मोठी जागा, आणि झाडांचे छत्र 10 टक्के किंवा त्याहून अधिक. जमीन कोणाची आणि झाड कोणते, हे त्यात पाहत नाहीत. म्हणून मोठी आमराईही वनाच्छादनात धरली जाते आणि सागाची लागवडही. उपग्रहाच्या जागी ड्रोन आला की चित्र अधिक स्पष्ट होते, गल्लीतले एकेक झाड दिसू लागते. तरी गवतात दडलेले गुडघाभर रोप वरून सहज सापडत नाही, आणि त्याला पाणी कोण घालते हे तर मुळीच कळत नाही.

मोजणीला माझा विरोध नाही. शंभर मेंढरे मोजली नसती तर एक हरवले आहे हे मेंढपाळाला कळलेच नसते. पण मोजून झाल्यावर तो चालत निघाला. प्रश्न त्या चालण्याचा आहे.

आफ्रिकेतल्या दोन शहरांनी हे चालणे योजनेतच धरले, म्हणून त्यांची आठवण करून देतो. टांझानियातल्या दार-एस-सलाममध्ये दर पावसाळ्यात वस्त्या पाण्याखाली जातात. तिथे 2015 पासून ‘रमानी हुरिया’ म्हणजे ‘खुला नकाशा’ या उपक्रमात ड्रोनने चित्रे घेतली, आणि मग विद्यार्थी व वस्तीतले लोक गल्लीगल्लीत फिरले. गटार कुठे तुंबते, पाणी कुठवर चढते, हे तिथे राहणाऱ्यांना विचारून नकाशावर मांडले. सिएरा लिओनच्या फ्रीटाऊनची कहाणी अधिक दुःखद आहे. 14 ऑगस्ट 2017 रोजी तिथे शुगर लोफ डोंगराची कड कोसळली आणि हजाराहून अधिक माणसे मेली वा बेपत्ता झाली. त्या उतारांवरची झाडे जाऊन घरे आली होती. पुढे महापौर इव्होन अकी-सॉयर यांनी 10 लाख झाडांची मोहीम काढली. प्रत्येक रोपाला मोबाइलवर स्वतःची ओळख दिली. वस्तीतलीच माणसे पुन्हा पुन्हा रोपापाशी जातात, ते जिवंत असल्याचा फोटो टाकतात, आणि या राखणीचे पैसे त्यांना मिळतात. म्हणजे दाम लावण्याचा नाही, जगवण्याचा. तंत्र आपल्या अ‍ॅपसारखेच आहे, फक्त त्यात माळ्याला जागा आहे आणि मजुरीही.

जून 2024मध्ये भोपाळच्या शिवाजी नगर आणि तुलसी नगर भागात मंत्री-आमदारांच्या नव्या घरांसाठी सुमारे 29,000 झाडे जाणार असल्याची बातमी आली. लोक रस्त्यावर उतरले, बायकांनी झाडांना मिठ्या मारल्या, आणि त्याच महिन्यात सरकारने तो प्रस्ताव मागे घेतला. अशा वेळी ‘एकाच्या बदली इतकी रोपे लावू’ असा हिशेब ठरलेला असतो. कागदावर तो जुळतोही. पण चाळीस वर्षांच्या कडुलिंबाखाली भाजी विकायला बसणाऱ्या बाईला त्या बदल्यात काय मिळते? दूर कुठेतरी लावलेल्या दहा काड्या. तिची सावली कोणत्याच रकान्यात नसते.

‘हे मंडळीचे काम नव्हे, नगरपालिकेचे आहे,’ असे काही जण म्हणतील. पण उत्पत्तीच्या दुसऱ्या अध्यायात देवाने माणसाला बागेत ठेवले ते मशागत आणि राखण करायला, आणि ती आज्ञा आदामाला मिळाली तेव्हा नगरपालिका नव्हती. शिवाय आपल्याजवळ एक गोष्ट आहे जी कोणत्याही ड्रोनजवळ नाही: दर रविवारी त्याच जागी परत येणारी माणसे. पर्यावरण रविवारी रोप लावून, फादरांबरोबर फोटो काढून, गटाच्या व्हॉट्सअ‍ॅपवर टाकण्यापर्यंत आपली मजल जाते. पुढच्या वर्षी पुन्हा त्याच खड्ड्यात नवे रोप लावतो! (खड्डा तयार असतो, एवढीच सोय.)

मला वाटते, प्रत्येक मंडळीने या जुलैत पेलवतील तितकीच रोपे लावावीत, मग ती पाचच का असेनात. प्रत्येक रोपापुढे एका घराचे नाव वहीत लिहावे, एप्रिल-मेमध्ये पाणी कोणत्या वारी कोण घालणार तेही लिहावे. वस्तीतल्या एखाद्या गरजू माणसाला राखण दिली तर दानपेटीतून त्याची मजुरी द्यावी. सृष्टीच्या राखणीवरचे पोप फ्रान्सिस यांचे ‘लाउदातो सी’ हे पत्र 24 मे 2015 या तारखेचे आहे, आणि नवतपा साधारण 25 मेला सुरू होतो. तो सरल्यावर येणाऱ्या पहिल्या रविवारी उपासनेनंतर सर्वांनी मिळून एकेका रोपापाशी जावे आणि फोटो तेव्हा काढावा. मेलेल्या रोपाचाही काढावा, आणि त्याच्या जागी दुसरे लावणाऱ्याचे नाव तिथेच लिहून घ्यावे.