विद्यापीठाचे ज्ञान लोहाऱ्याच्या बाजारपेठेत केव्हा येणार?

महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ हा कायदा मार्च २०१७ पासून राज्यात लागू आहे. या कायद्याने विद्यापीठांवर एक नवी जबाबदारी टाकली. पदव्या देणे, परीक्षा घेणे आणि निकाल लावणे एवढ्यावर विद्यापीठाने थांबू नये. आपल्या भागातील उद्योगधंद्यांशी नाते जोडावे, नव्या कल्पनांना पाठबळ द्यावे, यासाठी 'नवोपक्रम, नवसंशोधन व साहचर्य मंडळ' नेमण्याची तरतूद त्यात आहे. धाराशिव (उस्मानाबाद) जिल्ह्याचे विद्यापीठ म्हणजे छत्रपती संभाजीनगर (औरंगाबाद) येथील डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ. तेथे अटल इनक्युबेशन केंद्र आहे आणि जिल्ह्याच्या ठिकाणी विद्यापीठाचे उपकेंद्रही आहे. कागदावर पाहिले तर व्यवस्था उभी आहे. प्रश्न एवढाच की, लोहाऱ्यातील वेल्डिंगवाला, शिंपी, शेळ्यांचा व्यापारी आणि किराणा दुकानदार यांच्या रोजीला या व्यवस्थेचा काही उपयोग होतो काय? आमच्या मते आज तरी तो फारसा होत नाही. तो करून घेणे निम्मे विद्यापीठाच्या आणि निम्मे व्यापारी बांधवांच्या हातात आहे.

हा प्रश्न आपल्या समाजाला इतरांपेक्षा अधिक लागू पडतो. सच्चर समितीने २००६ मध्ये दाखवून दिले की, देशातील मुस्लिम कामकऱ्यांपैकी सुमारे ६१ टक्के लोक स्वतःच्या धंद्यावर पोट भरतात. हिंदू कामकऱ्यांत हे प्रमाण सुमारे ५५ टक्के होते. नोकरी करणाऱ्याला ज्ञान त्याचा कारखाना किंवा कार्यालय पुरवते. स्वतःचा धंदा करणाऱ्याला ते कोण पुरवणार? वडिलांनी जे शिकवले, उस्तादाने जे हातात दिले, त्यावरच त्याचा गाडा चालतो. बाजार बदलला की ते हुनर अपुरे पडते आणि माणूस दोष नशिबाला देतो.

विद्यापीठाच्या ज्ञानाचा आमच्या गावाला काय उपयोग, असे म्हणणाऱ्यांनी लोहारा तालुक्याचा इतिहासच आठवावा. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे झालेल्या भूकंपात सास्तूरसह या भागातील गावे जमीनदोस्त झाली. लातूर आणि उस्मानाबाद या दोन जिल्ह्यांत मिळून दहा हजारांच्या आसपास माणसे गेली. माणसे मेली ती प्रामुख्याने जाड दगड-मातीच्या भिंती आणि वरचे मातीचे जड धाबे अंगावर कोसळल्यामुळे. अशी भिंत आतल्या आणि बाहेरच्या अशा दोन थरांची असते. हादरा बसला की दोन्ही थर सुटे होतात. भिंतीच्या आरपार जाणारे लांब दगड ठरावीक अंतरावर बसवले आणि दारा-खिडक्यांच्या वरून सलग पट्टा फिरवला, तर भिंत एकसंध राहते. हे शास्त्र रुरकी विद्यापीठाच्या भूकंप अभियांत्रिकी विभागातील मंडळींनी अनेक वर्षे खपून तयार केले होते. भूकंपानंतरच्या पुनर्वसनात ५२ गावे नव्या जागी वसली आणि त्याखेरीज दीड लाखांहून अधिक घरांच्या दुरुस्ती-मजबुतीचा कार्यक्रम हाती घेण्यात आला. त्या वेळी हे शास्त्र गावच्या गवंड्यापर्यंत आले. ज्ञान होते, परंतु ते येण्यापूर्वी हजारो जनाजे उठले, हजारो चिता पेटल्या. विद्यापीठातले ज्ञान आणि गावातला कारागीर यांच्यामधील अंतराची किंमत आपल्या तालुक्याइतकी फार थोड्यांनी मोजली असेल.

धंद्यातील नुकसान असे एका रात्रीत दिसत नाही. ते दररोज थोडे थोडे होते, म्हणून लक्षात येत नाही. याची तीन उदाहरणे आम्ही देतो.

पहिले उदाहरण शेळीचे. उस्मानाबादी शेळी ही देशातील नामांकित जात. रंगाने बहुधा काळी, मांस आणि दूध या दोन्हींसाठी उपयुक्त, जुळी करडे देण्यात पुढे आणि दुष्काळात तग धरणारी. नाव आपल्या जिल्ह्याचे; परंतु या जातीवर शास्त्रीय पैदाशीचे महत्त्वाचे काम सातारा जिल्ह्यात फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेत झाले. त्या संस्थेचे कौतुकच केले पाहिजे. पण जिच्या नावावर जिल्हा ओळखला जातो, ती शेळी आपल्या बाजारात अजूनही बहुतेक वेळा नजरेच्या अंदाजाने, उक्ती विकली जाते. यात कधी पाळणाऱ्या गरीब बाईचे नुकसान होते, तर कधी घेणाऱ्या व्यापाऱ्याचे. छातीचा घेर इंचात मोजावा, त्याचा वर्ग करावा, त्याला खांद्याच्या टोकापासून मागच्या हाडापर्यंतच्या लांबीने गुणावे आणि ६६० ने भागावे. येणारा आकडा म्हणजे किलोमधील अंदाजे वजन. घेर २८ इंच आणि लांबी २६ इंच असेल तर वजन सुमारे ३१ किलो भरते. शिंप्याच्या साध्या टेपने हे काम होते. मात्र हे सूत्र सर्वसाधारण आहे. आपल्या भागातील दोन-तीनशे शेळ्या काट्यावर आणि टेपने मोजून ते उस्मानाबादी जातीसाठी नेमके करणे, हे पदव्युत्तर विद्यार्थ्याच्या एका प्रकल्पाचे काम आहे. मापात मारणाऱ्यांवर कुरआनमध्ये 'अल-मुतफ्फिफीन' नावाची एक संपूर्ण सूरह आहे. ज्या उम्मतीला मापाच्या प्रामाणिकपणाची अशी ताकीद आहे, तिच्या व्यापाऱ्यांनी असे संशोधन मागून घ्यायला हवे.

दुसरे उदाहरण कातड्याचे. बकरी ईदच्या कातड्यांवर एकेकाळी मदरशांच्या खर्चाचा चांगला भाग भागत असे. गेल्या काही वर्षांत भाव इतके पडले की, अनेक ठिकाणी कातडी अक्षरशः पुरून टाकावी लागली. भाव पडण्याची कारणे मोठी आहेत. कृत्रिम चामड्याचा प्रसार, चर्मोद्योगावरील निर्बंध, निर्यातीतील मंदी. ती लोहाऱ्यातून बदलता येणार नाहीत. परंतु जो थोडाफार भाव मिळतो तोही आपल्या हाताने का घालवावा? सोलताना सुरीचे काप पडले की कातड्याची प्रत उतरते. उष्ण हवेत काही तासांतच ते कुजू लागते. वेळेत, कातड्याच्या वजनाच्या जवळजवळ निम्मे मीठ नीट चोळून लावले तर माल टिकतो आणि पुढच्या व्यापाऱ्याशी बोलायला दोन दिवस मिळतात. चामड्यावर संशोधन करणारी केंद्रीय संस्था चेन्नईत १९४८ पासून काम करीत आहे. तिचे ज्ञान आपल्या मदरशाच्या अंगणात ईदच्या आठ दिवस आधी पोहोचवणे हे जवळच्या विद्यापीठाचे काम नव्हे काय?

तिसरे उदाहरण लोखंडी कामाचे. १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पंतप्रधान विश्वकर्मा योजनेत लोहार, कुलूप बनवणारे, शिंपी अशा १८ पारंपरिक व्यवसायांचा समावेश आहे. अवजारांसाठी १५,००० रुपये आणि ५ टक्के व्याजाने प्रथम १ लाख व नंतर २ लाखांपर्यंत कर्ज अशी तरतूद आहे. योजना चांगली आहे. पण अवजार मिळाल्यावर त्यातून नेमके काय घडवायचे, हे योजना सांगत नाही. आपल्या जिल्ह्यात खरिपात सोयाबीनचा पेरा मोठा. त्यासाठी रुंद सरी-वरंबा पद्धतीची शिफारस परभणीचे वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ करते आणि त्यासाठी वेगळे पेरणी यंत्र लागते. कृषी विद्यापीठे आपल्या यंत्रांचे आराखडे खासगी उत्पादकांना करार करून देतात. मग हे यंत्र बाहेरून आणून आपल्या वेल्डरने फक्त त्याचे तुटलेले भाग जोडत बसावे, की त्याने येथेच यंत्र बनवून विकावे? दुरुस्ती करणारा आणि बनवणारा यांच्या कमाईत किती फरक असतो, हे व्यापाऱ्यांना सांगायला नको.

असे संबंध जोडता येतात याचे दाखले दूर शोधायला नकोत. इचलकरंजीत १९८२ साली दत्ताजीराव कदम टेक्निकल एज्युकेशन सोसायटीची वस्त्रोद्योग व अभियांत्रिकी संस्था सुरू झाली. मागांच्या गावातच मागांचे शास्त्र शिकवणारे महाविद्यालय उभे राहिले आणि गावाला घरचे तंत्रज्ञ मिळू लागले. मुंबईच्या आय.आय.टी.मध्ये १९८५ पासून ग्रामीण भागाच्या तंत्रज्ञानासाठी स्वतंत्र केंद्र चालते. त्याच विचारातून राज्य शासनाने २०१६ मध्ये 'उन्नत महाराष्ट्र अभियान' सुरू केले. अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांनी आपल्याच जिल्ह्यातील पाणी, शेती आणि उद्योगांचे प्रश्न अभ्यासासाठी घ्यावेत हा त्याचा हेतू. अमेरिकेने तर १९१४ च्या कायद्याने विद्यापीठांचे शेतीज्ञान गावोगाव नेणारे सल्लागार नेमले आणि १९८० च्या कायद्याने लहान व्यावसायिकांसाठी सल्ला केंद्रे सर्वत्र उभी केली. त्यांतील बहुतेक विद्यापीठांच्या आश्रयाने चालतात. तेथील छोटा दुकानदार हिशेबाची वही घेऊन विद्यापीठात जातो आणि त्यात त्याला काही वावगे वाटत नाही.

आपल्या इतिहासातही इल्म आणि तिजारत यांच्यात भिंत नव्हती. मोरोक्कोतील फास शहरातील करवियीन हे जगातील अत्यंत जुने विद्यापीठ. ते ८५९ साली फातिमा अल-फिहरी या व्यापारी घराण्यातील महिलेने वारशाच्या पैशातून उभारले, असे परंपरा सांगते. पाणी उपसण्याच्या यंत्रांवर आणि घड्याळांवर १२०६ साली ग्रंथ पूर्ण करणारा अल-जझरी हा विद्वानही होता आणि कारागीरही. तो आपली यंत्रे स्वतः घडवून पाहत असे. कारागिराचे हात आणि आलिमाची लेखणी वेगळी झाली तेव्हापासून आपली पीछेहाट सुरू झाली, असे आम्हांला वाटते.

मग अडते कोठे? विद्यापीठाच्या बाजूने पाहिले तर त्यांची केंद्रे प्रामुख्याने पदवीधर तरुणांच्या नव्या कंपन्यांकडे पाहतात. अर्ज संगणकावर भरायचा, सादरीकरण करायचे, भाषा इंग्रजी. लोहाऱ्यापासून विद्यापीठाचे मुख्य ठिकाण अडीच-तीनशे किलोमीटर. पन्नास वर्षांचा लोहार तेथे जाणार कसा आणि गेला तर बोलणार काय? 'नवोपक्रम' म्हणजे मोबाईलवरचे काहीतरी, अशी समजूत झाली आहे. सुरीची धार दुप्पट दिवस टिकवणे हाही नवोपक्रमच आहे, हे कोणी मानत नाही.

व्यापाऱ्यांच्या बाजूनेही अडचणी आहेत. धंद्याची गोष्ट परक्याला सांगितली तर ती फुटेल, अशी भीती असते. वही दाखवली तर कर खाते मागे लागेल, अशी शंका असते. ही भीती अगदीच निराधार आहे असे आम्ही म्हणत नाही. म्हणून विद्यापीठाने माहिती गुप्त ठेवण्याची लेखी हमी द्यावी आणि व्यापाऱ्याने सगळी वही न दाखवता एकच नेमका प्रश्न घेऊन जावे. माझे तेल लवकर खवट का होते? माझ्या मसाल्याला बुरशी का लागते? माझ्या भट्टीला इतका कोळसा का लागतो? असा प्रश्न विचारल्याने कोणाचे गुपित फुटत नाही.

आमच्या सूचना अशा आहेत :

१) विद्यापीठाच्या धाराशिव उपकेंद्राने महिन्यातून एकदा, आठवडी बाजाराच्या दिवशी, लोहाऱ्यात दोन अध्यापक आणि चार विद्यार्थी पाठवावेत. त्यांनी भाषण करू नये. लोकांचे प्रश्न नोंदवहीत लिहून घ्यावेत आणि पुढच्या महिन्यात उत्तर घेऊन यावे.

२) पदव्युत्तर विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांपैकी काही विषय या नोंदवहीतूनच द्यावेत. अहवालाचा दोन पानांचा मराठी सारांश संबंधित कारागिराच्या हाती पडावा. शक्य तेथे उर्दूतही द्यावा.

३) पाणी, तेल, मसाले, दूध यांच्या तपासणीचे दर आणि निकालास लागणारे दिवस यांचा फलक बाजारात लावावा. परीक्षेचा निकाल लावणाऱ्यांना तपासणीच्या निकालाची तारीख पाळणे अवघड जाऊ नये.

४) तुळजापूरचे कृषी विज्ञान केंद्र आणि उदगीरचे पशुवैद्यकीय महाविद्यालय यांना या कामात जोडून घ्यावे. व्यापाऱ्याला सरकारी खात्यांच्या सीमा ठाऊक नसतात. त्याला उत्तर हवे असते.

५) आपल्या जमातींनी आणि व्यापारी मंडळांनीही खिशात हात घालावा. प्रत्येक दुकानदाराने दरमहा थोडी वर्गणी दिली तर वर्षाकाठी चार-पाच चांगल्या तपासण्या सामुदायिक खर्चाने होतील. फुकट मिळालेल्या सल्ल्यापेक्षा वर्गणी देऊन घेतलेला सल्ला माणूस अधिक गंभीरपणे पाळतो.

यावर कोणी म्हणेल, आधी भांडवल द्या, मग ज्ञानाचे बोला. भांडवलाची निकड आम्ही नाकारत नाही. पण ज्ञानाशिवाय आलेले कर्ज म्हणजे भोक पडलेल्या पखालीत भरलेले पाणी. ती भरून आणणारा दमतो आणि घर मात्र तहानलेलेच राहते. भोक कोठे आहे हे आधी पाहावे.

व्यापारी आणि कारागीर बांधवांनी या महिन्यात एक काम करावे. धंद्यात वारंवार सतावणारा, पैसा खाणारा एकेक प्रश्न कागदावर लिहावा. असे पंचवीस प्रश्न जमले की जमातीच्या किंवा व्यापारी मंडळाच्या लेटरहेडवर धाराशिव उपकेंद्राच्या संचालकांकडे द्यावेत आणि पोच घ्यावी. पंचवीस कोरडे अर्ज फाईलमध्ये पडून राहतात. पंचवीस नेमके प्रश्न अध्यापकाला स्वस्थ बसू देत नाहीत. विद्यापीठ तुमच्या-आमच्या करातून चालते. तेथील ज्ञानावर औद्योगिक वसाहतीतल्या कारखानदाराचा जेवढा हक्क आहे तेवढाच लोहाऱ्याच्या भट्टीसमोर बसलेल्या माणसाचाही आहे. तो त्याने मागितला पाहिजे.