फेफऱ्याचे खापर दैवावर नको

होटगी हे सोलापूरनजीकचे रेल्वे जंक्शन, तसेच वीरशैव मठाचे गाव. डुकराच्या मांसाशी संबंध असलेला कृमी शाकाहारी माणसाच्या मेंदूत शिरतो, असे येथे कोणी सांगितले तर ते हसण्यावारी नेले जाईल. परंतु ते सत्य आहे.

दूषित, अर्धकच्चे मांस खाणाऱ्याच्या आतड्यात हा पट्टकृमी वाढतो व त्याची अंडी विष्ठेवाटे बाहेर पडतात. न धुतलेले हात, दूषित पाणी, सांडपाण्यावरील भाजी यांवाटे ती कोणाच्याही पोटात जातात. जात वा आहार विचारीत नाहीत. त्यांतील अळ्या रक्तावाटे मेंदूत जाऊन कोश करून राहतात. कोश जिवंत असतो तोवर बहुधा स्वस्थ असतो. तो मरू लागला म्हणजे भोवती सूज येते, मज्जापेशी प्रक्षुब्ध होतात आणि धडधाकट माणूस अकस्मात कोसळतो. ज्या प्रदेशांत हा रोग मूळ धरून आहे, तेथील सुमारे ३० टक्के फेफऱ्यास तोच कारण असल्याचे जागतिक आरोग्य संघटना सांगते.

अशा रुग्णाच्या नाकाशी कांदा वा चप्पल धरून काय साधणार? मेंदूच्या स्कॅनने निदान होते, औषधांनी झटके आवरतात. मात्र कृमिनाशक गोळी डॉक्टरांवाचून घेऊ नये; कोश एकदम मेल्यास सूज बळावते.

गाडगेमहाराजांनी गावोगाव झाडू हाती घेतला, तो केवळ शोभेसाठी नव्हे. शेजाऱ्याचे शौचालय हा आपल्याही मेंदूचा प्रश्न आहे, एवढे होटगीकरांनी व ग्रामपंचायतीने ओळखावे, हीच आमची विनंती.