‘सायकल बंद’ हा उपचार नव्हे

जुलै महिना उजाडला, शाळा आणि शिकवण्या सुरळीत सुरू झाल्या, की माझ्या कंपूतील दवाखान्यात एक ठरावीक तक्रार येऊ लागते. मुलाचे वय दहा ते पंधरा. मनगट दुखते, कोपरापासून खाली हात भरून येतो, क्वचित करंगळीला मुंग्या येतात. सोबत आलेल्या आईच्या पिशवीत बहुधा एक जुनी चिठ्ठी असते. तीवर कॅल्शियम, एक वेदनाशामक मलम, मनगटाला बांधावयाची क्रेप पट्टी आणि अगदी शेवटच्या ओळीत ‘सायकल बंद’ असा सल्ला. गेली पंचवीसएक वर्षे मी ह्या शेवटच्या ओळीशी भांडत आलो आहे. आपल्या मंडळाची स्मरणिका डॉक्टरही वाचतात आणि त्यांच्याकडे मुलांना घेऊन येणारे पालकही. म्हणून ते भांडण येथे उघडपणे मांडतो.

सायकलवर बसलेल्या माणसाचे वजन तीन ठिकाणी वाटले जाते : सीटवर, पॅडलवर आणि हँडलवर. ह्यांपैकी हँडलचे खरे काम दिशा देण्याचे आहे. काही कारणाने शरीर पुढे घसरू लागले म्हणजे त्याला रोखून धरण्याचे काम हातांवर येऊन पडते. मग कोपरे ताठ होतात, मनगटे मागे वळतात, आणि रस्त्यावरचा प्रत्येक खड्डा तळहातातून थेट खांद्यापर्यंत पोहोचतो. लष्कर भागातले रस्ते ज्यांना ठाऊक आहेत त्यांना खड्ड्यांविषयी वेगळे सांगायला नको.

तळहाताच्या करंगळीकडील बाजूस, मनगटाच्या जरा पुढे, एका अरुंद वाटेने अल्नर मज्जातंतू हातात उतरतो. फेलिक्स ग्यूयॉन ह्या फ्रेंच शल्यवैद्याने १८६१ मध्ये ह्या वाटेचे वर्णन केले, म्हणून तिला त्याचे नाव आहे. हँडलची मूठ नेमकी ह्याच जागी दाबते. सायकल जगात नवीनच रुळत होती तेव्हा, १८९६ मध्ये, फ्रान्समधील डॉक्टर एटिएन डेस्टो ह्यांनी सायकल चालवण्याने होणाऱ्या अल्नर दौर्बल्याविषयी लिहून ठेवले आहे. म्हणजे दुखणे नवे नाही. अमेरिकेत २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत सहाशे किलोमीटरचा प्रवास केलेल्या पंचवीस सायकलस्वारांना तपासले, तेव्हा तेवीस जणांच्या हातांत बधिरता, अशक्तपणा किंवा दोन्ही आढळले. आपली मुले सहाशे किलोमीटर जात नाहीत, आणि खरोखरीचा मज्जातंतूचा त्रास त्यांच्यात विरळाच असतो. त्यांचे बहुतेक दुखणे स्नायूंचे आणि कंडरांचे, ताणामुळे आलेले असते. पण कारण तेच : हातांवर नको तितका भार.

हा भार येतो कोठून? माझे उत्तर पालकांना रुचत नाही. तो दुकानात सायकल विकत घेतानाच येतो. सदरा वाढत्या अंगाचा शिवावा ही आपल्या घरांतली जुनी शहाणी रीत. तीच आपण सायकलीला लावतो. ‘दोन वर्षांनी पुन्हा कोण घेणार?’ म्हणून दहा वर्षांच्या मुलाला चौदा वर्षांच्या मुलाची सायकल मिळते. सदऱ्याची बाही दुमडता येते. सायकलीचा सांगाडा दुमडता येत नाही. मूल हँडलपर्यंत पोहोचण्यासाठी सीटच्या टोकाशी सरकते आणि सगळा भार हातांवर घेते. आमच्या लहानपणी मोठ्या माणसांच्या काळ्या सायकली आम्ही नळीच्या आतून पाय घालून चालवत असू. ग्वाल्हेरीत त्याला ‘कैंची’ म्हणत आणि पुण्याकडचे नातेवाईक ‘हाफ पॅडल’. त्यात अंग पार वाकडे होई. तरी ती गल्लीतली अर्ध्या तासाची मौज होती; पाठीवर सहा-सात किलोंचे दप्तर घेऊन रोज फुलबागेपर्यंत जाणे नव्हते.

त्यात भर फॅशनची. दूधवाल्याच्या काळ्या सायकलीचे हँडल मागे, चालवणाऱ्याच्या दिशेने वळलेले असते. तिच्यावर माणूस ताठ बसतो. आजच्या मुलाला मात्र डोंगरावर चढायची असावी तशी, जाड टायरांची, सरळ दांड्याच्या हँडलची सायकल हवी असते. ती वाईट नाही. पण तिच्यावर अंग पुढे झुकते आणि मनगट एकाच स्थितीत अडकून राहते, हे घेताना कोणी सांगत नाही.

एक उदाहरण देतो; ओळख पटू नये इतपत तपशील बदलला आहे. आमखोकडून येणारी आठवीतील एक मुलगी. दोन्ही तळहात दुखत, उजव्या अंगठ्याच्या मुळाशी अधिक. क्ष-किरण तपासणी झालेली, रक्ताच्या तपासण्या झालेल्या, सर्व ठीक. दोन महिने सायकल बंद. दुखणे अर्थातच थांबले, आणि त्याबरोबर संध्याकाळची गणिताची शिकवणीही थांबली, कारण वडिलांच्या कामाची वेळ जुळेना आणि रोज ई-रिक्षाचे भाडे परवडेना. सायकल पुन्हा सुरू केली, दुखणे पुन्हा हजर. मी तिला सांगितले, उद्या येताना सायकल घेऊन ये. आईने माझ्याकडे जरा संशयाने पाहिले.

दुसऱ्या दिवशी दवाखान्याच्या पायरीशी सायकल उभी राहिली आणि निदान पाच मिनिटांत झाले. सायकल चुलतभावाची, तिच्या उंचीला मोठी. सीटचे नाक खाली झुकलेले, म्हणजे ती सारखी पुढे घसरणार. हँडल सीटपेक्षा बरेच खाली. ब्रेकची पट्टी मुठीपासून इतकी दूर की ती बोटांच्या टोकांनी ओढावी लागे आणि त्यासाठी मनगट दर वेळी वाकडे करावे लागे. अंगठ्याच्या दुखण्याचा उलगडा तेथेच झाला. हँडलला एका बाजूला दप्तर, दुसऱ्या बाजूला डबा. कोपऱ्यावरच्या मिस्त्रीने सीट सपाट आणि थोडी पुढे केली, हँडलचा दांडा वर घेतला, ब्रेकची पट्टी स्क्रू फिरवून जवळ आणली, खाली वळवली आणि मागे कॅरिअर बसवले. तीन आठवड्यांनी ती आली ती धाकट्या भावाच्या खोकल्यासाठी. हातांविषयी विचारल्यावर तिला आठवावे लागले.

मिस्त्रीने केले ते कोणताही पालक करून पाहू शकतो. सीट जमिनीला समांतर हवी. पॅडल सर्वांत खाली असताना गुडघ्यात किंचित बाक राहावा आणि थांबल्यावर मुलाच्या पायाची बोटे जमिनीला टेकावीत. हँडल सीटच्या पातळीत किंवा थोडे वर असावे. मात्र त्याच्या दांड्यावर कोरलेली मर्यादेची खूण बाहेर दिसेपर्यंत तो ओढू नये, नाहीतर चालत्या सायकलीचे हँडल हातात येईल. मूठ धरल्यावर कोपर जरा वाकलेले आणि ब्रेकवर बोटे ठेवल्यावर हाताचा पंजा, मनगट व पुढचा हात एका रेषेत, ही खरी कसोटी. दप्तर कॅरिअरवर बांधावे. पाठीवरचे दप्तर मुलाला पुढे ढकलते आणि हँडलला टांगलेले दप्तर दर वळणावर मनगटाला पिळते. पंक्चरवाल्याकडून टायर दगडासारखे टंच करून घेण्याची आपल्याकडे हौस असते. टायरवर दाबाची मर्यादा छापलेली असते. मुलाचे वजन कमी, त्याला कमाल हवेची गरज नसते, आणि थोडी कमी हवा बरेच धक्के गिळते.

रबरी मुठींकडे तर कोणाचेच लक्ष नसते. झिजलेली, कडक झालेली मूठ बदलायला फारसा खर्च येत नाही. बालरोगतज्ज्ञ म्हणून मला तिची काळजी आणखी एका कारणाने वाटते. मूठ फाटून हँडलच्या नळीचे टोक उघडे पडले असेल आणि मूल त्यावर पडले, तर पोटात स्वादुपिंडाला किंवा आतड्याला इजा होऊ शकते, आणि बाहेर एका छोट्या गोल वळापलीकडे काही दिसत नाही. असे मूल पोटदुखी किंवा उलट्या घेऊन आले तर वळ लहान म्हणून घरी पाठवू नये.

दुखणे सुरू झालेच असेल तर चार-आठ दिवस सायकल कमी करावी, फडक्यात गुंडाळलेला बर्फ दहा-पंधरा मिनिटे दिवसातून दोन-तीनदा लावावा, फार दुखत असल्यास वजनाच्या मापाने पॅरासिटामॉल द्यावे. दुखणे ओसरल्यावर ओले फडके पिळणे, मऊ चेंडू दाबणे असे साधे व्यायाम पुरतात. थकलेल्या हातांना आजीने तेल लावले तर माझी हरकत नाही. पडल्यानंतर मात्र हाड बसवणाऱ्या पहलवानाकडे नेऊन चोळून घेण्यास माझी सक्त हरकत आहे. वाढत्या हाडाच्या टोकाशी असलेला कोवळा भाग दुखावलेला असू शकतो, आणि कोपर चोळल्याने स्नायूत हाड धरून तो कायमचा आखडलेला मी पाहिला आहे.

येथे माझ्या व्यवसायबंधूंना एक उलट इशाराही द्यायला हवा. सायकलीचे माप दुरुस्त करणे हे प्रत्येक हातदुखीचे उत्तर नाही. रात्री झोपेतून उठवणारे दुखणे, सकाळी ताठरणारा आणि सुजलेला सांधा, ताप, घटते वजन, फिकटपणा, पडल्यानंतर अंगठ्याच्या मुळाशी खळग्यात दाबल्यावर होणारी वेदना, ह्यांपैकी काही असेल तर मिस्त्रीकडे नव्हे, तपासणीकडे वळावे. संधिवात आणि रक्ताचा कर्करोग हे दोन्ही मुलांमध्ये ‘हात-पाय दुखतात’ ह्या वाक्यानेच दारात येतात. आणि करंगळी बधिर असेल तर अंगठा व तर्जनी ह्यांमध्ये कागद धरायला सांगून तो ओढून पाहावा. अंगठ्याचे टोक वाकले तर स्नायू अशक्त होऊ लागला आहे, आता विशेषज्ञाचे मत घेण्यास विलंब नको.

२०२० च्या टाळेबंदीनंतर आपल्यापैकी अनेकांनी स्वतःसाठी महागड्या सायकली घेतल्या. पहाटे शिरस्त्राण घालून निघालेले सहकारी पाहून आनंद होतो. त्यांतील शस्त्रक्रिया करणाऱ्यांना एवढेच सुचवतो की दर काही मिनिटांनी हाताची जागा बदला, जाड तळव्याचे हातमोजे वापरा आणि मुंग्यांना ‘वयोमान’ म्हणू नका. बोटांवर ज्यांची उपजीविका चालते त्यांनी तरी.

पुन्हा मुलांकडे येतो. ‘सायकल बंद’ लिहिताना सायकलच्या जागी काय येणार हे आपण विचारत नाही. मुलगा असेल तर चौदाव्या वर्षी स्कूटी येते. विनापरवाना अल्पवयीन मुलाने वाहन चालवल्यास पालकाला पंचवीस हजार रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद, असे २०१९ चा दुरुस्त कायदा सांगतो, तरी येते. मुलगी असेल तर पुष्कळदा काहीच येत नाही, ती घरी राहते. पाच ते सतरा वर्षांच्या मुलांना रोज सरासरी तासभर दमवणारी हालचाल हवी, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. अनेक मुलांच्या दिवसात ती हालचाल फक्त सायकलीवरच उरली आहे. आपले राज्यशासन दुसऱ्या गावी शिकायला जाणाऱ्या ग्रामीण मुलामुलींना सहावीत आणि नववीत सायकल देते, सहावीला अठरा इंची आणि नववीला वीस इंची. वयाप्रमाणे माप बदलते हे सरकारी कागदाला कळते. शहरातल्या सुशिक्षित घराला ते कळू नये ह्याचे मला नवल वाटते.

शेजारच्या मालनपूरला ॲटलासचा सायकल-कारखाना होता. तो २०१४ मध्ये बंद पडला. आपल्याच शहरात १९५७ पासून लक्ष्मीबाईंच्या नावाची शारीरिक शिक्षणाची राष्ट्रीय कीर्तीची संस्था आहे, आणि १९४६ पासून गजराराजा वैद्यकीय महाविद्यालय. एवढे असून मुलाची सायकल त्याच्या मापाची करून देणारी व्यक्ती म्हणाल, तर तो कोपऱ्यावरचा मिस्त्रीच.

म्हणून मंडळाच्या कार्यकारिणीला माझी लेखी विनंती आहे. पुढच्या बालआरोग्य शिबिरात वजन-उंचीच्या टेबलाशेजारी एक बाक मिस्त्रीसाठी राखावा आणि मुलांना सायकली घेऊन बोलवावे. पाने त्याचे तो आणेल. रबरी मुठी आणि त्याचे दिवसभराचे मानधन माझ्याकडे लागू. मंडपाची सावली तेवढी मंडळाने द्यावी.