जुन्या कट्यारीची किंमत आणि कद्र

ऑगस्ट २०२५ मध्ये नागपूरकर भोसले घराण्याचे संस्थापक रघूजी भोसले यांची तलवार लंडनहून मुंबईत आली. राज्य सरकारने ती मध्यस्थामार्फत लिलावात घेतली आणि त्यापायी सुमारे ४७ लाख १५ हजार रुपये मोजले. बातमी आनंदाची होती. परंतु अशा बातमीचा बाजारावर एक उलटा परिणामही होतो. ज्याच्या घरी आजोबांच्या वेळची कट्यार किंवा जंबिया माळ्यावर पडलेली आहे त्याला ती लाखांची वाटू लागते आणि ज्याला ती विकत घ्यायची आहे तो भंगाराचाच भाव सांगतो. या दोन टोकांच्या मध्ये खरा भाव कुठे असतो, तो कसा ठरतो आणि त्यात आपल्या व्यापारी व कारागीर बांधवांचा वाटा किती, याविषयी आम्ही चार शब्द लिहू इच्छितो.

आम्ही कापडवाले. हत्यारांचा धंदा आमचा नव्हे. परंतु पुण्याच्या पेठांत आयुष्य गेले आणि रविवार-बुधवारच्या जुन्या बाजारात जुनी पाती, अडकित्ते, वस्तरे विकणारे आणि शिकलगारी करणारे कितीतरी लोक आमच्या ओळखीचे आहेत. शिवाय जुन्या मालाच्या भावाचा धडा आम्हाला कापडानेच दिला. खऱ्या जरीचे जुने लुगडे दारावर येणाऱ्या जरवाल्याला वजनावर देऊन टाकणाऱ्या बाया आम्ही पाहिल्या आहेत. जरवाला ते जाळून चांदी काढतो. चांदीचे पैसे मिळतात, पण विणकराच्या हाताचे काम राख होते. पुढे तसल्याच लुगड्यासाठी शौकीन माणूस वजनाच्या कितीतरी पट रक्कम द्यायला तयार होतो, तेव्हा ते उरलेले नसते. जुन्या हत्यारांच्या बाबतीत आज नेमके हेच चालू आहे.

भाव कशाचा?

एका पात्याला तीन भाव असतात. पहिला लोखंडाचा, तो काट्यावर ठरतो. दुसरा उपयोगाचा, म्हणजे हे पाते किती कापते आणि किती वर्षे टिकेल. तिसरा शौकाचा आणि इतिहासाचा. पहिले दोन भाव सर्वांना कळतात. तिसरा ज्याला माल ओळखता येतो त्यालाच कळतो, आणि नफा नेहमी त्याच्याच पदरात पडतो.

आम्ही उर्दू शाळेत शिकलो. उर्दूत कीमत वेगळी आणि कद्र वेगळी. किंमत सौद्यात ठरते, कद्र ओळखीतून येते. तसाच ‘जौहर’ हा शब्द. जौहर म्हणजे अंगचा गुण, आणि जुन्या पोलादाच्या पात्यावर पाण्याच्या लाटांसारख्या ज्या बारीक रेघा दिसतात त्यांनाही जौहरच म्हणतात. हे पोलाद दक्षिणेत मुशीत तयार होत असे. आजच्या तेलंगणातील निझामाबाद जिल्ह्यातल्या कोनासमुद्रम या गावी ते विकत घ्यायला इराणचे व्यापारी येत. ज्याला जग दमास्कसची तलवार म्हणून ओळखते, त्या पात्यांचे पोलाद बहुधा आपल्या दख्खनसारख्या मुलखातून गेलेले असे. ती विद्या एकोणिसाव्या शतकात लोपत गेली, म्हणून त्या पोलादाच्या लहानशा पेशकब्जालाही आज मोल आहे.

पोलादानंतर येते मूठ, मग म्यान, मग कोफ्तगारी म्हणजे पोलादात ठोकून बसविलेली सोन्या-चांदीची तार, आणि सर्वांत शेवटी पण सर्वांत जड, ती वस्तू कोणाची होती याचा पुरावा. शहाजहान बादशहाचा एक खंजीर २००८ साली लंडनच्या बॉनहॅम्स लिलावात सुमारे १७ लाख पौंडांना गेला. त्याच बादशहाचा हिरव्या यशबच्या मुठीचा दुसरा खंजीर २०१९ साली न्यूयॉर्कला क्रिस्टीजच्या लिलावात ३३ लाख ७५ हजार डॉलरला गेला. हे पैसे धातूचे नव्हेत. बादशहाचे नाव आणि ते सिद्ध करणारा लेख यांचे आहेत. रघूजींच्या तलवारीचे पातेही मुळात युरोपातले, आपण ज्याला फिरंगी म्हणतो तसले. तशी फिरंगी पाती मराठेशाहीत हजारोंनी आली. भाव चढला तो त्यावर देवनागरीत कोरलेल्या नावामुळे.

म्हणून कोणत्याही एका लिलावाचा आकडा धरून आपल्या मालाचा भाव सांगणे हा भाबडेपणा आहे. मे २०२३ मध्ये टिपू सुलतानची शयनगृहातील तलवार लंडनमध्ये सुमारे १ कोटी ४० लाख पौंडांना गेली. लिलाववाल्यांचा स्वतःचा अंदाज १५ ते २० लाख पौंडांचा होता. पुढे पाच महिन्यांनी टिपूचीच म्हणून दुसरी तलवार दुसऱ्या लिलावात आली आणि ती विकलीच गेली नाही. सांगितलेला भाव आणि मिळालेला भाव यांत फरक असतो हे आम्ही कापडवाल्यांना दर दिवाळीनंतर कळते. मागणाऱ्याने काय मागितले ते विचारू नये, तसला माल शेवटी कितीला गेला ते विचारावे. त्यातूनही लिलाववाल्याची दलाली, वाहतूक आणि विमा वजा करावा, आणि माल किती वर्षे पडून राहील तेही हिशोबात धरावे. पडून राहिलेला माल म्हणजे गोठलेले भांडवल. लग्नसराईत ज्याला रोकड लागते त्याने आपली पुंजी कट्यारीत गुंतवू नये.

घासण्याने होणारे नुकसान

आता आमच्या शिकलगार बांधवांविषयी. शिकलगार हे आडनाव महाराष्ट्रात आपल्या समाजात गावोगावी आहे. यांच्या वाडवडिलांनी फौजेच्या तलवारींना धार आणि झिलई दिली. फौजा गेल्या, तलवारी गेल्या, आणि आज त्यांची मुले सायकलवर सहाण बांधून कात्र्या-सुऱ्यांना धार लावीत गल्लीबोळांतून फिरतात. याच माणसांच्या हातात जुनी कट्यार आली की मालक सांगतो, “मियाँ, चकाचक करून द्या.” मियाँ बफावर धरून ती आरशासारखी करून देतात. घासायचे दहावीस रुपये मिळतात आणि तिसरा भाव संपतो! पात्यावरचा काळपट थर गेला, जौहर गेले, कोफ्तगारीची तार उडाली, कारखान्याचा ठसा पुसला. शौकीन माणूस अशा चकचकीत पात्याकडे पाहून मान फिरवतो.

नियम साधा आहे. लाल गंज वाढत असेल तर तो मऊ कापडाने आणि हलक्या तेलाने थांबवावा. काळा थर खरवडू नये. पॉलिश पेपर आणि बफ यांना जुन्या पात्याजवळ फिरकू देऊ नये. मोडकी मूठ नव्याने बसविण्यापेक्षा मोडकी तशीच ठेवावी. हे काम शिकलगाराइतके चांगले कोणाला जमेल? धातू त्याच्या हाताला कळतो. संग्रहालयांच्या पद्धती शिकून तो जुन्या हत्यारांची देखभाल करू लागला, तर सुरीला धार लावून जे मिळते त्याच्या कितीतरी पट त्याला मिळेल. पुण्यात कै. दिनकर केळकर यांचे राजा केळकर संग्रहालय आहे, भारत इतिहास संशोधक मंडळ १९१० पासून आहे. आपल्या किती कारागीर मुलांनी या वास्तूंची पायरी चढली आहे?

ऐब लपवू नका

दुसरी गोष्ट सांगताना आम्हाला खंत वाटते. नव्या पात्याला तेजाब लावून, मातीत पुरून, चहाच्या पाण्यात बुडवून जुने करण्याचा धंदा सर्वत्र चालतो. राजस्थानात उत्तम कारागीर आजही कोफ्तगारी करतात. तो माल नवा म्हणून विकला तर अभिमानाची गोष्ट आहे, तीनशे वर्षांचा म्हणून विकला तर फसवणूक आहे. पोलादाचे थर एकमेकांत ठोकून बनविलेल्या नक्षीदार सुऱ्या दमास्कस म्हणून विकल्या जातात. त्याही सुंदर असतात, पण मुशीतल्या जुन्या पोलादाशी त्यांचा संबंध नाही. काही तर निव्वळ वरवर तेजाबाने रंगविलेल्या असतात. ती नक्षी घासली की जाते. पोलादातली नक्षी पुन्हा उठवता येते.

ऐब सांगून माल विकावा आणि खोटी बोली लावून भाव चढवू नये, ही शिकवण आपल्याला लहानपणापासून मिळाली आहे. व्यवहाराच्या दृष्टीनेही तीच फायद्याची आहे. या धंद्यात गिऱ्हाईक थोडे आणि एकमेकांना ओळखणारे. एक खोटी कट्यार विकणारा दहा खऱ्या कट्यारींचे गिऱ्हाईक गमावतो, आणि त्याच्या शेजारचा खरा दुकानदारही त्यात भरडला जातो.

कागद आधी, माल नंतर

कायद्याकडे दुर्लक्ष करणे आपल्या माणसांना सर्वांत महाग पडते. १०० वर्षांहून जुनी कलावस्तू १९७२ च्या कायद्याने पुरावशेष ठरू शकते. तिचा व्यापार करायला परवाना लागतो आणि ती परदेशी पाठविता येत नाही. घरगुती, शेतीच्या वा कारखान्याच्या कामाची नसलेली आणि ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याची हत्यारे शस्त्र कायद्याच्या यादीत येतात. हस्तिदंती मुठीचा व्यापार तर वन्यजीव कायद्याने बंदच आहे. त्यातच शहरात पोलिसांचे मनाई आदेश वारंवार निघतात. जुनी कट्यार पिशवीत घालून, पावतीवाचून रस्त्याने जाणारा पोरगा पोलिसांना व्यापारी दिसत नाही. त्या एका दिवसाची किंमत त्याचे कुटुंब वर्षानुवर्षे भरते. म्हणून वकिलाला विचारल्याशिवाय असा माल घेऊ नये. घेतला तर विकणाऱ्याचे नाव-पत्ता, मालाचे छायाचित्र, पात्याचे माप आणि पावती आधी, पैसे नंतर. हाच कागद पुढे मालाचा पुरावाही होतो आणि भावही वाढवतो.

लहान दुकानदाराला आमचा सल्ला असा की, त्याने हत्यारांच्या मागे न लागता अडकित्ते, जुने वस्तरे, खिशातले चाकू यांकडे वळावे. केळकर संग्रहालयातले अडकित्ते पाहा. घोडा, पोपट, जोडपे अशा किती आकारांचे आहेत! यात भांडवल थोडे लागते, धोका कमी आणि शौकीन पुष्कळ.

आणि आज नवे पाते घडविणाऱ्या लोहार-शिकलगार बांधवांना एकच विनंती. पात्यावर आपले नाव आणि साल ठोका. शेफील्डच्या रॉजर्स कारखान्याला तारा आणि क्रूसाचा ठसा मिळाला, आणि अजून त्या ठशाचा जुना चाकू लोक शोधत फिरतात. मेरठच्या कात्रीला २०१३ साली भौगोलिक मानांकन मिळाले. ज्या कात्रीने आम्ही दुकानात कापड कापतो तिला तिच्या गावाचे नाव कायद्याने मिळाले. आपल्या कारागिरांनी शतकानुशतके उत्तम पाती घडविली आणि त्यांवर नाव कोरले ते मालकाचे. मालकाच्या नावाचे लाखो आज लिलाववाल्यांच्या पेढीत जातात. कारागिराच्या नावाचे चार पैसे तरी पुढे त्याच्या नातवाच्या हाती पडावेत, यासाठी ठोकावयाचा ठसा काही रुपयांत बनतो. तो या महिन्यातच बनवून घ्यावा.