किलिमांजारो: दिवस वाचवू नका

मंडळाच्या गणपतीत, पंगतीला बसल्याबसल्या किलिमांजारोचा विषय निघाला आणि आठ जणांनी नावे दिली, हे बहुतेकांना ठाऊक आहेच. आता गाडी मार्गावर अडली आहे. पाच दिवसांचा मारांगू की आठ दिवसांचा लेमोशो? बहुमत मारांगूकडे झुकले आहे. तो स्वस्त, व्हेकेशनचे दिवस कमी जातात, शिवाय तंबूऐवजी लाकडी झोपड्यांत झोपायला मिळते. माझे मत उलट आहे, आणि ते मला २०१९ साली चांगले पैसे मोजून मिळाले आहे.

तेव्हा मी नुकताच तिशीत शिरलो होतो. पुण्यात इंजिनिअरिंग करताना राजगड-तोरणा पालथे घातलेले, त्यामुळे डोंगर म्हणजे घरचाच, असा समज. आपले कळसूबाई १६४६ मीटर. मारांगूवरचा पहिलाच मुक्काम, मंदारा, २७२० मीटरवर. दुसरा होरोंबो ३७२०, तिसरा किबो ४७२०. म्हणजे रोज हजार मीटर वर. तीन हजार मीटरच्या पुढे झोपण्याची उंची रोज साधारण ५०० मीटरहून अधिक वाढवू नये, असे डॉक्टर सांगतात. एवढे गणित मला मांडता यायला हवे होते. मी फक्त दर पाहिला.

किबोला डोके ठणकू लागले, सूप पोटात ठरेना. तरी मध्यरात्री निघालो. दोनेक तासांत पाय वेडेवाकडे पडू लागले. वाटाड्याने पावलाला पाऊल लावून सरळ रेषेत चालायला सांगितले. जमले नाही. त्याने वाद न घालता मला खाली वळवले. असा तोल जाणे हे मेंदूला सूज येत असल्याचे लक्षण असू शकते, आणि खरा उपाय म्हणजे ताबडतोब खाली उतरणे, हे नंतर कळले. होरोंबोला पोचेपर्यंत मी माणसात आलो होतो. ५८९५ मीटरचे उहुरू शिखर राहिले, विमानभाडे आणि रजाही गेली. घरी फोनवर मी नुसतेच ‘थोडी सर्दी झाली’ म्हणून सांगितले. बायकोला खरे काय ते हा अंक वाचून कळेल.

बरे, तयारी केली नव्हती असे नाही. चार महिने पाठीवर सॅक घेऊन जिने चढलो होतो. ते करावेच, पण त्याचा उपयोग पायांना होतो. विरळ हवेची सवय व्हायला डोंगरावरच रात्री काढाव्या लागतात. लेमोशोवर त्या मिळतात. शिवाय एके दिवशी लावा टॉवरला सुमारे ४६०० मीटरपर्यंत चढवून झोपायला बरांको तळावर, म्हणजे चार हजारांच्या जरा खाली उतरवतात. हा चढउतार शरीराला फार मानवतो.

राहता राहिला पैसा. उद्यानाची फी दिवसागणिक असल्याने जास्त दिवसांचे जास्त पैसे पडणारच. मग महागडी जाकिटे घेऊ नका. मोशी गावात स्लीपिंग बॅगपासून बरेचसे सामान भाड्याने मिळते. फारच स्वस्त दर देणारा मात्र बहुधा हमालांच्या मजुरीतून वाचवतो. किलिमांजारो पोर्टर्स असिस्टन्स प्रोजेक्ट या संस्थेशी जोडलेली कंपनी आहे का, एवढे विचारा. प्रवासविम्यात किती उंचीपर्यंत संरक्षण आहे आणि सुटकेचा खर्च धरला आहे का, तेही बारीक अक्षरांत वाचा.

आपल्या गटात ब्लड प्रेशरच्या गोळ्या घेणारे एक काका आहेत. काका, डिपॉझिट भरण्याआधी डॉक्टरांना भेटा. उंचीसाठीची डायमॉक्स सल्फाची ॲलर्जी असणाऱ्यांना चालेलच असे नाही, तेव्हा मंडळाच्या सहलीत क्रोसिन वाटतो तशी ती एकमेकांना वाटू नये.

रजेची अगदीच अडचण असेल तर मारांगूच सहा दिवसांत, होरोंबोला दोन रात्री काढून करावा. पाच दिवसांत नको. रविवारच्या बैठकीत मतदान आहे. बहुमत पाच दिवसांचे झाले तर यादीतून माझे नाव कमी करावे. चेक अजून लिहिलेला नाही.